पालकाच्या रकान्यात

३ मार्च

धाकटे,

'चि.' लिहिलेलं नाही आणि आशीर्वादही लिहिलेले नाहीत. तुला दोन्ही नकोत, मला ठाऊक आहे.

कागदावर लिहितेय कारण तुझ्या ऑफिसला तीनदा मेल केला. तिन्ही वेळा उत्तर आलं, "आपली तक्रार नोंदवली आहे." पहिल्यांदा क्रमांक ४१७, मग ४२२, मग ४३०. पंचवीस वर्षांत तू मला कधी ओळ लिहिली नाहीस, आता एकदम तीन! जपून ठेवल्यात.

तुझं परिपत्रक मिळालं. सगळ्या युवा केंद्रांच्या कार्यकर्त्यांनी सहा आठवडे, बुधवारी आणि शनिवारी सकाळी, डिजिटल साधनांच्या प्रशिक्षणाला यायचं. तीस एप्रिलच्या आत केंद्रातलं प्रत्येक मूल अ‍ॅपवर चढवायचं. नाव, फोटो, पालकाचा मोबाइल नंबर. नाही चढवलं तर केंद्राची मान्यता रद्द, किल्ल्या जमा करा. आणि खाली सही कुणाची? प्रमुख, डिजिटल विभाग. तुझी. सही अजून तशीच काढतेस, शेवटचं अक्षर कागदाबाहेर पळतंय.

मी प्रशिक्षणाला येणार. मन लावून शिकणार. म्हातारी खोडं वाकत नाहीत असं तुमच्या ऑफिसात कुणी म्हणत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठव. पण मुलांची नावं देणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून 'ताईने फसवलं' असं नको.

का देणार नाही, ते ऐक. तू केंद्रात यायची थांबलीस त्यानंतर सुरू झालेली गोष्ट आहे, तुला माहीत नसणार. केंद्र अजून तिथेच आहे, टायरच्या दुकानावरच्या त्याच दोन खोल्यांत, अजूनही जिन्यात रबराचा वास येतो. दाराशी एक फळा आहे. मूल आलं की खडू घेतं आणि आपली खूण काढतं. कुणाची शिडी, कुणाचा मासा, कुणाचं नुसतं एक वेडंवाकडं वर्तुळ. नाव नाही, शाळा नाही, घर कुठलं ते नाही. खूण कुणाची हे कुणी कुणाला विचारत नाही. पाचला दार उघडतं, आठला बंद होतं, आणि बंद करताना मी फळा पुसते. सगळा. गेली सत्तावीस वर्षं हीच हजेरी.

मला नावं माहीत नाहीत असं नाही. बहुतेकांची आहेत. पण ती माझ्या डोक्यात आहेत, आणि डोकं कुणाला टेबलावर उघडून वाचता येत नाही.

रोज तीसेक खुणा असतात. काल एकतीस होत्या.

बाबा बरे आहेत. ऐंशी पार झाले, एक्क्याऐंशी. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं.

ताई


११ मार्च

धाकटे,

तीन वर्ग झाले. तुझ्या हॉलच्या खुर्च्या जमिनीला बोल्टने आवळलेल्या आहेत, हे तुला माहीत आहे का? आम्ही बावीस जण आयुष्यभर मुलांना गोल बसवून शिकवत आलो, आणि आम्हाला 'अनौपचारिक शिक्षण' शिकवायचं तर रांगेत, एकमेकांच्या मानगुटी बघत. सुतारदादा माझ्या शेजारी असतो. हा मूळचा खरोखरच सुतार, आता पुलापलीकडच्या केंद्रात मुलांना लाकूडकाम शिकवतो. पहिल्याच दिवशी खाली वाकून बोल्ट बघून म्हणाला, "ताई, बारा नंबरचा पाना आणू का उद्या?" आणला नाही अजून. पण त्याचा भरवसा नाही.

शिकवणारा मुलगा सव्वीस वर्षांचा. हातात लाल उजेड पाडणारी ती कांडी घेऊन फिरतो, म्हणून आम्ही त्याला पॉइंटर म्हणतो. पोर चांगलं आहे. एकच खोड, दर वाक्याला 'सोप्पं आहे' म्हणतो. मी विचारलं, "सोप्पं आहे तर सहा आठवडे कशाला?" तर लाजला.

आणि एक कबूल करते, नाहीतर तू म्हणशील ताई नाकाने कांदे सोलते. मला आवडतंय. फोनवर प्रश्नमंजूषा बनवायला शिकले. आवाज रेकॉर्ड करून कापायला, जोडायला शिकले. परवा केंद्रात एका पोराने टायरच्या दुकानातले आवाज गोळा केले, हवा भरण्याचा, हातोडीचा, मालकाच्या खोकल्याचा, आणि त्याचं दोन मिनिटांचं गाणं केलं. मालक स्वतः वर येऊन तीनदा ऐकून गेला. जो मुलगा वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसायचा त्याने हे केलं. तेव्हा 'ताई मोबाइलला घाबरते' हे मनातून काढून टाक. मला यंत्राचं वावडं नाही. यंत्राला काय काय सांगायचं, यावर माझं भांडण आहे.

तुला आठवतो का तो मेलेला संगणक? कुठल्याशा बँकेने भंगारात काढून केंद्राला दान दिलेला. दोन महिने त्यावर मी कुंडी ठेवली होती. तू सोळाची. कुंडी खाली ठेवलीस, पेचकस घेतलास आणि त्याचं पोट उघडलंस. सतरा दिवसांनी पडदा हिरवा झाला, तेव्हा तू एवढ्या जोरात ओरडलीस की खालून टायरवाला धावत आला, त्याला वाटलं कुणाला शॉक लागला. घरी सगळ्यांना वाटत होतं तू शिवणाच्या वर्गाला जातेस.

आजचा धडा होता, अ‍ॅपवर सरावासाठी एक खोटं मूल तयार करा. सगळ्यांनी भराभर केली. सुतारदादाने आपल्या बोकडाला घातलं, वय तीन, छंद पळून जाणे. मला काही सुचेना. मग तुलाच घातलं. नाव धाकटी. वय सोळा. आवड, बंद पडलेली यंत्रं उघडणं. पालकाचा नंबर हवाच होता, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मला पाठ असलेला नंबर एकच, बाबांचा. घातला. पॉइंटर म्हणाला, "सरावाचं काही कुठे जात नाही ताई. सोप्पं आहे."

ताई


१९ मार्च

धाकटे,

तुझ्या त्या सरावाची गंमत सांगते. गंमत नाही.

काल संध्याकाळी केंद्रात होते. मुलं आपापल्या कामात होती. मी फोन उघडून शिकलेलं गिरवत बसले. यादीत एकच नाव होतं, तुझं. त्याच्यापुढे दोन चौकोन, 'हजर' आणि 'गैरहजर'.

खरं सांगू? मला बघायचं होतं, तुझ्या नावापुढे 'हजर' कसं दिसतं. पाच चाळीसला मी ते बटण दाबलं. हिरवं झालं. मी बघत बसले. बस, एवढाच माझा गुन्हा.

घर दोन गल्ल्या सोडून. बाबांचा तो मोठ्या बटणांचा फोन वाजला. मेसेज होता, "आपली पाल्य धाकटी आज ५.४० वाजता युवा केंद्रात हजर आहे."

तुला कल्पना नसेल म्हणून सांगते. बाबा कधी आजच्या दिवसात असतात, कधी नसतात. सकाळी मला ओळखतात, माझ्या पांढऱ्या केसांवर टोमणे मारतात, आणि दुपारी विचारतात, 'तुझी नोकरी लागली का गं?' काल त्यांनी मेसेज वाचला, चपला घातल्या, शर्टाची वरपर्यंत बटणं लावली आणि निघाले. जिना चढून आले. एरवी त्या माणसाला अंगणाची पायरी चढवत नाही.

दारात उभे राहिले. तेच दार. म्हणाले, "कुठाय ती?"

मी म्हणाले, "बाबा, कोण?"

तर सरळ आत शिरले. आमच्याकडे एक मुलगी येते. फळ्यावर कुलूप काढते. तिच्या घरी काय आहे ते मी लिहिणार नाही, तुलाही नाही. एवढंच सांगते की ती पाठ दाराकडे करून कधीच बसत नाही. काल पहिल्यांदाच बसली होती, कानाला हेडफोन लावून, कारण मीच म्हटलं होतं, बस गं बिनधास्त, इथे कोण येतंय. बाबांनी मागून जाऊन तिचं मनगट धरलं. "चल घरी. तोंड काळं करायला शिवणाचा वर्ग सापडला काय तुला?"

शब्दन् शब्द तेच. सत्तावीस वर्षं कुठे ठेवले होते कोण जाणे.

ती ओरडली नाही गं. मला वाटलं ओरडेल. ती नुसती उठली आणि चालायला लागली त्यांच्याबरोबर, जणू हे कधीतरी होणारच होतं. तू पण अशीच उठली होतीस.

मी मध्ये गेले. बाबांची बोटं सोडवली. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. अंगठा सोडवला, तर करंगळी घट्ट. एकेक करून सोडवावी लागली. पाचही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "बाबा, हिला सोडा. ही आपली नाही. आणि आपली असती तरी सोडा."

मनगट सुटल्याबरोबर मुलगी पायऱ्या उतरून गेली. हेडफोन तिच्या गळ्यातच राहिले. बाबा स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. मग विचारलं, "इथे कशाला आणलंस मला?"

सरावाचं काही कुठे जात नाही म्हणे! तुझ्या पॉइंटरला विचार, कुठे गेलं ते.

ताई


२८ मार्च

प्रमुख, डिजिटल विभाग,

आजचं पत्र तुम्हाला आहे, धाकटीला नाही. धाकटीने मला असं पत्र लिहिलं नसतं.

तुमचं टाइप केलेलं उत्तर मिळालं. पूर्ण उतरवते, म्हणजे तुम्हालाही एकदा ऐकू येईल. "सरावाच्या नोंदीत खरा मोबाइल क्रमांक घालणे ही प्रशिक्षणार्थीची चूक आहे. पालकांना मिळणारा संदेश मुलांच्या सुरक्षेसाठी असून तो बंद करता येणार नाही. नियम सर्व केंद्रांना समान आहेत."

चूक माझी. मान्य. बरं, मी चुकीचा नंबर घातला म्हणून हे झालं. आणि उद्या सगळे बरोबर नंबर घालतील तेव्हा काय होईल? माझ्या चुकीने एकदा झालं ते तुमच्या नियमाने रोज होईल, पाच चाळीसला, बरोबर पत्त्यावर.

सुरक्षा म्हणता? सगळी घरं वाईट नसतात, हे मला कळतं. बहुतेक आयांना तो मेसेज बघून बरंच वाटेल. पण ज्या मुलीला घरापासूनच तीन तास हवे असतात, तिला तुम्ही कुठे हजर करणार? उंटावरून शेळ्या हाकायला बरं असतं हो. इथे खाली येऊन बघा. त्या दिवशी पोरांनी सगळं पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या माणसाने येऊन दारावर भित्तिपत्रक चिकटवलं, "आपली माहिती लवकरच अ‍ॅपवर!" काल फळ्यावर किती खुणा होत्या, सांगू? नऊ. एकतिसाच्या नऊ. कुलूप नव्हतं. दहा दिवस झाले, कुलूप नाही.

भित्तिपत्रक मी काढलं. गुंडाळी करून सोबत पाठवतेय. चांगल्या कागदाचं आहे, मागच्या बाजूला लिहिता येईल.

शनिवारच्या वर्गात मी उभी राहून विचारलं, संदेश बंद करायचं बटण आहे का. पॉइंटर म्हणाला, "बटण आहे ताई, पण ते हेड ऑफिसकडे आहे." हळूच म्हणाला, कांडी खाली करून. म्हणजे बटण आहे! तुम्ही लिहिता करता येणार नाही, आणि बटण तुमच्या टेबलावर.

किल्ल्या हव्यात तर स्वतः येऊन माझ्या हातातून घ्या. पोस्टाने पाठवणार नाही.

केंद्र कार्यकर्ती


६ एप्रिल

धाकटे,

मागचं पत्र रागात लिहिलं. माफी मागत नाही, त्यातला एकही शब्द खोटा नाही. पण मी तुला नियमावरून बोल लावते आणि स्वतःचं झाकून ठेवते, हे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं झालं. आज भांडं बाहेर काढते.

तुला आजवर वाटतं, तू केंद्रात येतेस हे बाबांना तिथल्या वॉचमनकाकांनी सांगितलं. त्या दिवशी जिन्यात तू त्यांना काय काय बोललीस, मला आठवतंय. ते मान खाली घालून ऐकत होते. मी वरच्या पायरीवर उभी होते. मी म्हणाले नाही की काकांनी नाही सांगितलं. आईने मला पुढे विचारलं, तेव्हा मी म्हणाले, रजिस्टर टेबलावर पडलं होतं, बाबांच्या नजरेला पडलं असेल.

पडलं नव्हतं.

तेव्हा मला लागून चार महिने झाले होते. ऑफिसला तेव्हाही सगळं हवं असायचं, नाव, वय, वडिलांचं नाव, पत्ता, यायची वेळ, जायची वेळ. मी पट्टीने रेघा मारून रजिस्टर ठेवायचे. तपासणीच्या साहेबांनी शेरा दिला होता, 'अक्षर मोत्यासारखे.' बाबा त्या दिवशी सहज आले होते. माझा डबा घरी राहिला होता, तो द्यायला. त्यांनी माझ्या नोकरीला कधी बरं म्हटलं नव्हतं, तुला माहीतच आहे. 'पोरांबरोबर पत्ते कुटायचा पगार' म्हणायचे. मला वाटलं, आज दाखवू. मीच कपाट उघडलं. मीच रजिस्टर काढलं, मीच उघडून त्यांच्यापुढे धरलं. म्हणाले, "बघा बाबा, किती नीट ठेवते."

ते अक्षर बघत होते गं. खरंच अक्षरच बघत होते. "छान आहे," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. आणि रेघेवरून बोट फिरवत खाली येऊ लागले. तुझं नाव सातव्या ओळीवर होतं. मला माहीत होतं ते सातवीवर आहे. मीच लिहिलं होतं, तासाभरापूर्वी. बोट तिसरीवर होतं तेव्हा मला आठवलं. वही मिटायला किती वेळ लागतो? मी मिटली नाही. म्हटलं, दिसणार नाही. म्हटलं, चष्मा नाही त्यांच्याजवळ. आणि खरं सांगायचं तर त्यांनी अजून एकदा 'छान' म्हणावं असं वाटत होतं.

सातवीवर बोट थांबलं. तू आतल्या खोलीत होतीस. पुढचं तुला माहीत आहे. सात महिने तुझं दाराबाहेर पाऊल पडलं नाही. तो संगणक तुझ्यामागे आठवडाभर चालला आणि पुन्हा मेला. अठराव्या वर्षी तू गेलीस, आणि आई वारली त्या वेळी आलीस तेव्हा फाटकाबाहेरूनच परत गेलीस.

काकांना मी कधीच सांगितलं नाही. ते गेले, त्यालाही अकरा वर्षं झाली. मूग गिळून बसायची सवय लागली की माणूस तेच पोटभर खातो.

तुला बाबा घेऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फळा आणला. पहिली खूण मी काढली. पेचकस. तुझी. त्या दिवसापासून रोज पाचला, दार उघडायच्या आधी, मी डाव्या कोपऱ्यात पेचकस काढते. दांडा खाली, टोक वर. आठला सगळ्यांबरोबर पुसते. मुलांना वाटतं ती माझी खूण आहे.

माफ कर असं लिहिणार नाही. तुला ते करावं लागू नये. पण त्या वेळी तुला रजिस्टरने पकडून दिलं आणि आज तेच रजिस्टर तुझ्या सहीने येतंय, एवढं तुझ्या लक्षात यावं. तुझं काही चुकत नाही गं. तूही नीटच ठेवतेयस. मीही नीटच ठेवत होते.

ते रजिस्टर सोबत पाठवलंय. सातवी ओळ. फाड, जाळ, काचेत लाव, तुझ्या मर्जीने.

आणि किल्ल्यांचं मी म्हटलं ते तसंच आहे. रडले म्हणून वाकले असं समजू नकोस.

ताई


१२ एप्रिल

धाकटे,

उत्तर नाही. ठीक.

काल शेवटचा वर्ग होता. प्रत्येकाने एक उपक्रम घ्यायचा होता, शिकलेली साधनं वापरून, दहा मिनिटांचा. तुझ्या ऑफिसातले दोघे गुण द्यायला मागे बसले होते. माझा नंबर शेवटून दुसरा.

त्याआधी चहाची सुट्टी झाली, तेव्हा मी सुतारदादाकडे बघितलं. दादाने पाना काढला. बारा नंबरचा. पंधरा मिनिटांत आम्ही दोन रांगांच्या खुर्च्या सोडवल्या. सगळ्यांना गोल बसवलं. मागचे दोघे उभेच राहिले, त्यांच्या खुर्च्या आमच्याकडे होत्या. बोल्ट डब्यात घालून दादाने सही करून शिपायाकडे दिलेत, तेव्हा चोरीचा आळ घेऊ नकोस.

मग म्हणाले, सगळ्यांनी अ‍ॅप उघडा. स्वतःचीच प्रोफाइल बनवा. नाव खरं घाला. पालकाच्या रकान्यात अशा एका माणसाचा नंबर घाला, की तुम्ही आत्ता इथे आहात हे ज्याला कळू नये असं तुम्हाला वाटतं. प्रत्येकाला असा एक तरी असतो. सासरा, सावकार, जुना नवरा, कुणीही. घातला की 'हजर' दाबा.

पॉइंटरला वाटलं खेळ आहे. "सोप्पं आहे!" म्हणाला, आणि आईचा नंबर घालून दाबलंसुद्धा. अर्ध्या मिनिटात त्याचा फोन वाजला. स्पीकर चालू होता. "अरे, पाय मुरगळलाय म्हणालास ना? आत्या सकाळपासून तुझी वाट बघत बसलीय इथे, आणि तू केंद्रात हजर?" हॉलभर हशा. मागच्या दोघांनाही हसू आवरेना. पॉइंटर दोन्ही पायांवर नीट उभा राहून 'अगं आई, ऐक ना' करत होता.

हसून झालं. मग मी म्हणाले, "चला, आता बाकीच्यांनी."

कुणी दाबलं नाही. एकवीस माणसं, हातात फोन. मला एक शिक्षिका दिसत होती, नंबराचे आकडे टाइप करून थांबलेली. मग तिने एकेक आकडा मागे घेतला. सुतारदादा सहा फूट उंच, बोकडाला उचलून खांद्यावर घेणारा माणूस, त्याने फोन पालथा ठेवला. मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं गेली.

मी म्हणाले, "झालं. हाच उपक्रम होता. आपण मोठी माणसं आहोत, पगार घेतो, दाराला आतून कडी लावू शकतो. तरी आपल्याच्याने होत नाही. हे तेरा वर्षांच्या पोरांना करायला सांगायचंय. तेही त्यांना न विचारता."

मागच्या दोघांतल्या एकाने विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय, अ‍ॅप नकोच?" मी म्हणाले, अ‍ॅप हवं. प्रश्नमंजूषा हवी, आवाजाचं काम हवं, सगळं हवं, माझी पोरं त्यात माझ्यापुढे गेलीत. संदेश बंद करा. नाव द्यायचं की नाही ते मुलाला ठरवू द्या. ज्याला खूण काढायची त्याला खूण काढू द्या. तुम्हाला आकडा हवा ना? आकडा आम्ही रोज देऊ. खुणा मोजता येतात.

तो म्हणाला, "मॅडमना सांगावं लागेल." मी म्हणाले, सांगा, त्या माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीत.

मला गुण किती दिले ते कळलं नाही. पण दाराबाहेर सगळे एका जागी जमले, आणि ठरलं. तीस तारखेला बावीसच्या बावीस केंद्रं यादी कोरी ठेवणार. एकवीस जणांनी माझ्यासमोर सांगितलं. मी कुणाला पढवलं नाही. मला फारतर बोलघेवडी म्हण, पुढारी म्हणू नकोस.

बावीस किल्ल्या घ्यायला मोठी पिशवी आण.

ताई


२ मे

धाकटे,

तीस तारीख आली आणि गेली. किल्ली घ्यायला कुणी आलं नाही. दुपारी अ‍ॅप उघडलं तर त्यात एक नवी ओळ होती, "पालक संदेश : सर्व केंद्रांसाठी बंद. सहा महिने प्रायोगिक." पॉइंटरने सगळ्यांना फोन केले, सोप्पं आहे म्हणायला विसरला एवढा खूश होता. नावाचा रकाना मात्र अजून आहे. नुसता 'ऐच्छिक' केलाय. ऐच्छिक म्हणजे आज ऐच्छिक आणि पुढच्या वर्षी सक्तीचा, मला शिकवू नका. त्यावर मी भांडणार आहे. दम घेते आणि पुन्हा लिहिते.

बाबांच्या फोनमधून तो मेसेज मी काढून टाकला. परवा ते आजच्या दिवसात होते, तेव्हा सांगितलं त्यांना सगळं. रजिस्टरचं, माझं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्षर मात्र खरंच चांगलं होतं तुझं." हसावं की रडावं? मी दोन्ही केलं, स्वयंपाकघरात जाऊन.

आता कालचं सांगते.

काल पाचला दार उघडलं. नेहमीसारखा पेचकस काढला, डाव्या कोपऱ्यात, दांडा खाली. पोरं यायला लागली. मी आतल्या खोलीत होते, एकीला आवाज जोडायला मदत करत. सहाच्या सुमाराला बाहेर आले तर फळ्यावर खाली, अगदी कडेला, कुलूप होतं. दीड महिन्याने. हेडफोन माझ्या टेबलावर ठेवलेले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, दाराकडे तोंड करून. असू दे. बसेल पुन्हा हवी तशी.

आठला पुसायला गेले तेव्हा खुणा मोजल्या. तेवीस. पोरं बावीस होती, खाली उतरताना मी रोज मोजते. माझी धरून तेवीसच झाल्या म्हणशील. माझी मी धरलेली नव्हती. माझी वेगळी.

उजव्या कोपऱ्यात, वरती, जिथे लहान पोरांचा हात पोचत नाही, तिथे एक पेचकस होता. दांडा वर, टोक खाली. काम करताना धरतात तसा. आणि टोकाची रेघ फळ्याच्या चौकटीवर गेलेली, बाहेर पळालेली.

टायरवाला म्हणाला, साडेपाचला कुणीतरी जिना चढून गेलं आणि लगेच उतरलं. पुढचं तो सांगणार होता. मी त्याला म्हणाले, सांगू नका. कोण होतं, कसं होतं, काही सांगू नका. आमच्याकडे विचारत नाहीत.

मी पाच मिनिटं तिथे उभी होते. फोन खिशातच होता, फोटो काढता आला असता. आता येतो मला चांगला काढता. काढला नाही. ओल्या फडक्याने फळा पुसला. सगळा. कुलूप, शिडी, मासा, दोन्ही पेचकस.

दार रोज पाचला उघडतं. खडू खाली फळीवर असतो.

आणि हे पत्र वाचलंस की फाडून टाक. नोंद राहायला नको.

ताई